सोसलेल्या दुःखाचे काय करावे?

जगात दुःख आहे, हे तथागतांनी सांगितलेले पहिले आर्यसत्य. पौर्णिमेच्या वंदनेला विहारात आपण ते अनेकदा ऐकतो. ते पटण्यासाठी करमाळा तालुक्यातील माणसाला ग्रंथ उघडण्याची गरज पडत नाही. एका बाजूला उजनीच्या धरणाचे अथांग पाणी आणि दुसऱ्या बाजूला पावसाकडे डोळे लावून बसलेले माळरान, असा हा आपला तालुका. येथे कोणाची जमीन पाण्याखाली गेली, तर कोणाची पाण्यावाचून गेली. कोणी आईबापांबरोबर ऊसतोडीला जाऊन शाळेला मुकले. कोणाच्या घरातला कर्ता माणूस 2020 आणि 2021 च्या कोरोनाच्या साथीत गेला. कोणी दारूने घर उद्ध्वस्त होताना पाहिले. आणि आपल्या समाजाच्या वाट्याला तर यांखेरीज जातीने केलेले घावही पिढ्यान् पिढ्या आले.

तेव्हा दुःख आहे की नाही, याविषयी आपल्यात वाद नाही. प्रश्न आहे तो पुढचा. जे दुःख सोसून झाले, ज्याची जखम थोडीफार भरत आली, त्या दुःखाचे माणसाने काय करावे? ते मनात गाडून टाकावे, की त्यातून दुसऱ्याच्या उपयोगी पडेल असे काही निर्माण करावे? या लेखात आम्ही त्याच प्रश्नाचा विचार मांडत आहोत. सभासद बंधुभगिनींनी, विशेषतः शिकणाऱ्या मुलामुलींनी, तो शांतपणे वाचावा अशी विनंती आहे.

दुःख आपोआप शहाणे करीत नाही

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. संकटात सापडलेल्या माणसाला धीर देण्यासाठी ती हमखास वापरतात. पण थोडा विचार केला तर ती पुरती खरी नाही असे दिसून येईल. घाव बसलेल्या दगडांपैकी किती दगड मूर्ती होतात आणि किती फुटून जातात, याचा हिशेब ती म्हण देत नाही. शिवाय दगडाला घाव बसतात ते शिल्पकाराच्या हातून. उपासमार, साथीचे रोग आणि अस्पृश्यता यांच्यामागे असा कोणी शिल्पकार नसतो.

सोसलेले दुःख माणसाला चांगला बनवील याची हमी नाही. जिने सासुरवास भोगला तीच पुढे सुनेला छळते, हे आपण घरोघरी पाहतो. ज्या मुलाला वसतिगृहात मोठ्या मुलांनी त्रास दिला, तोच पुढच्या वर्षी नव्या मुलांना त्रास देतो. साहेबाच्या शिव्या खाल्लेला शिपाई दारात आलेल्या गरीब म्हातारीवर खेकसतो. या सर्वांनी दुःख सोसलेले आहे; परंतु त्यांनी ते केवळ पुढच्या माणसाच्या हवाली केले. दुसरे काही लोक ते गिळून टाकतात आणि आयुष्यभर आतल्या आत जळत राहतात. तिसरा मार्ग थोड्यांनाच सापडतो. ते स्वतःला एक साधा प्रश्न विचारतात: "त्या दिवशी मला नेमके काय मिळाले असते, तर माझे दुःख हलके झाले असते?" आणि जे आपल्याला मिळाले नाही ते दुसऱ्याला मिळावे याच्या खटपटीला लागतात.

आमच्या मते सारे मर्म या एका प्रश्नात आहे. कळवळा पुष्कळांच्या मनात असतो. पण काय कमी पडते याची नेमकी जाण मात्र ज्याने ती उणीव सोसली त्याच्याजवळच असते. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, असे म्हणतात ते यासाठीच. ही जाण म्हणजे दुःखातून हाती लागलेले एक प्रकारचे ज्ञान आहे, आणि इतर ज्ञानाप्रमाणे तेही वाटले पाहिजे.

पटाचारेची कथा

बौद्ध वाङ्मयात याचे फार बोलके उदाहरण आहे. श्रावस्तीच्या एका श्रीमंत घरातील मुलगी घरातल्याच नोकराबरोबर निघून गेली आणि दूरच्या खेड्यात संसार करू लागली. दुसऱ्या बाळंतपणासाठी माहेरी येत असताना वाटेत तुफान पाऊस कोसळला. आडोशासाठी काटक्या तोडायला गेलेला पती सर्पदंशाने मरण पावला. नदी ओलांडताना नवजात बाळ ससाण्याने नेले, थोरला मुलगा पाण्यात वाहून गेला. रडत रडत श्रावस्तीजवळ आली तो कळले की त्याच पावसात माहेरचे घर कोसळून आईबाप आणि भाऊही दगावले. तिला वेड लागले. अंगावरच्या वस्त्राचेही भान उरले नाही. लोक तिला हाकलू लागले.

अशा अवस्थेत ती जेतवनात आली. जमलेल्या लोकांनी तिला आत येऊ देऊ नये म्हणून आरडाओरडा केला, पण तथागतांनी तिला येऊ दिले. भगिनी म्हणून हाक मारून भानावर येण्यास सांगितले. कोणीतरी अंगावर टाकण्यास वस्त्र दिले. तिच्या पापपुण्याची कोणतीही चौकशी न करता आधी तिला आसरा मिळाला आणि मग धम्म मिळाला.

ही कथा येथे संपली असती तर ती एका दुःखी स्त्रीच्या सुटकेची कथा ठरली असती. परंतु पुढे ही पटाचारा भिक्खुणी संघात विनयाच्या जाणकारांमध्ये अग्रगण्य ठरली, आणि ज्या स्त्रियांची मुले दगावली होती अशा कितीतरी स्त्रिया तिच्याकडे येऊ लागल्या. थेरीगाथेत या स्त्रियांच्याही गाथा आहेत. आपल्या काळजात रुतलेला शोकाचा काटा पटाचारेने काढला असे त्या सांगतात. तिच्या शब्दांना वजन होते, कारण तिने स्वतः तो काटा सोसला होता. मात्र तिने त्या स्त्रियांपुढे आपले रडगाणे गायिले नाही. तिने त्यांना विचार दिला आणि संघाची सोबत दिली. तिला स्वतःला जेतवनात जे मिळाले होते तेच तिने पुढे पोचविले.

बाबासाहेबांनी काय केले

आता आपल्या जिल्ह्याशी जोडलेले उदाहरण घेऊ. परमपूज्य बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या काही कडू आठवणी इंग्रजीत लिहून ठेवल्या होत्या. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने त्या 1990 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केल्या. त्यांतील दोन प्रसंग येथे लक्षात घेण्यासारखे आहेत.

पहिला 1901 सालचा. बाबासाहेब तेव्हा दहा वर्षांच्या आतबाहेरचे होते. साताऱ्याहून घरातल्या मुलांसह ते वडिलांना भेटायला निघाले. मसूर स्टेशनवर उतरल्यावर जात कळली आणि गाडीवान मिळेना. दुप्पट भाडे देऊन, गाडी स्वतः हाकून, ती मुले रात्री उशिरापर्यंत प्रवास करीत राहिली. शिदोरी जवळ होती, पण पाणी कोठेच मिळाले नाही. जकातनाक्यावरही पाण्यावाचून परतावे लागले. भूक लागलेली मुले तशीच उपाशी राहिली.

दुसरा प्रसंग 1917 चा. अमेरिका आणि इंग्लंडमध्ये उच्च शिक्षण घेऊन ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. शहरात राहायला जागा मिळेना म्हणून नाव बदलून एका पारशी धर्मशाळेत उतरले. ते कळताच हातांत काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना जागा सोडावी लागली. एवढा विद्वान माणूस मुंबईची गाडी सुटेपर्यंत बडोद्याच्या कामाठी बागेत बसून राहिला. पुढे अठरा वर्षांनी लिहितानाही या आठवणीने डोळे भरून येतात, असे त्यांनी नमूद केले आहे.

ज्याला पाणी नाकारले, ज्याला निवारा नाकारला, त्या माणसाने पुढे काय केले ते पाहा. 20 जुलै 1924 रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी एक म्हणजे 4 जानेवारी 1925 रोजी आपल्या सोलापुरात सुरू झालेले विद्यार्थी वसतिगृह. मुलांच्या जेवणाचा, कपड्यांचा आणि वह्यापुस्तकांचा भार सभेने उचलला. आणि 20 मार्च 1927 रोजी महाडला बाबासाहेबांनी हजारो लोकांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. निवारा नाकारलेल्याने वसतिगृह काढले, पाणी नाकारलेल्याने तळे खुले करण्यासाठी सत्याग्रह केला. एका अनुभवातून एकच कार्य निघाले असा सरळ हिशेब कोणी मांडू नये. बाबासाहेबांच्या कार्यामागे अफाट अभ्यास होता आणि अनेक सहकाऱ्यांचे कष्ट होते. पण रोग नेमका कोठे आहे याची जाण त्यांना पुस्तकांइतकीच स्वतःच्या आयुष्याने दिली होती, असे आम्ही मानतो.

सोलापूरला वसतिगृहच का, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी स्वतःला विचारावा. खेड्यातल्या मुलाला चौथीनंतर पुढे शिकायचे तर शहर गाठावे लागे. हायस्कूलचे दार कसेबसे उघडले तरी रात्री झोपायचे कोठे आणि जेवायचे कोठे? भाड्याने खोली कोणी देत नसे. म्हणजे शिक्षणाची वाट अडली होती ती निवाऱ्यापाशी. ही अडचण ज्याने भोगलेली नाही त्याला ती चटकन दिसली नसती. पुढे 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले, 1950 मध्ये त्या वेळच्या औरंगाबादेत महाविद्यालय निघाले. या सर्व मालिकेच्या आरंभी सोलापूरचे ते वसतिगृह आहे, ही आपल्या जिल्ह्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे.

आणखी काही वाटा

हा मार्ग काही एकाच समाजाचा किंवा एकाच धर्माचा नाही. जेऊर स्टेशनवरून पुण्याला जाताना दौंडच्या पुढे केडगाव लागते. पंडिता रमाबाईंचे मुक्ती सदन तेथे आहे. 1874 च्या सुमारास मद्रास इलाख्यात पडलेल्या दुष्काळात रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दगावली. भावाबरोबर त्या उपाशीतापाशी पायी भटकल्या. पुढे 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तेथे गेल्या आणि निराधार झालेल्या शेकडो मुली व स्त्रियांना घेऊन आल्या. त्यांना नुसते अन्न देऊन त्या थांबल्या नाहीत, तर शिक्षण आणि हाताला काम दिले. दुष्काळात एकट्या पडलेल्या मुलीवर काय काय संकटे येतात, हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात तर हा विचार एक पद्धत बनून गेला आहे. 1935 मध्ये अमेरिकेत दोन मद्यपी एकमेकांना भेटले. त्यांतल्या एकाला असा अनुभव आला की दुसऱ्या दारुड्याशी मोकळेपणी बोलत असताना आपलीही दारूची ओढ ताब्यात राहते. त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही जगभर पसरलेली चळवळ उभी राहिली. आपल्याकडे पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये मुक्तांगण सुरू केले. तेथे व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच नव्याने आलेल्या व्यसनी माणसाला आधार देतात. तो खोटे कोठे बोलतो आणि कशाला घाबरतो, हे त्यांना नेमके ठाऊक असते. येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी: मदत करणाऱ्याचाही यात फायदा होतो. दुसऱ्याला हात देताना त्याचा स्वतःचा पाय घट्ट रोवला जातो.

आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्याच शांताबाई कांबळे यांचे उदाहरण विद्यार्थिनींनी अवश्य डोळ्यांसमोर ठेवावे. 1923 मध्ये सांगोला तालुक्यातील महूद येथे त्यांचा जन्म झाला. गरिबी आणि अस्पृश्यता सोसत त्या शिकल्या आणि 1942 मध्ये शिक्षिका झाल्या. ज्या शाळेच्या दारापर्यंत पोचणेही कठीण होते, तेथे उभे राहून त्यांनी दुसऱ्यांच्या मुलांना शिकविले. निवृत्तीनंतर त्यांनी आपले आत्मकथन लिहिले. 'माज्या जल्माची चित्तरकथा' हे ते पुस्तक 1986 मध्ये प्रसिद्ध झाले. दलित स्त्रीने मराठीत लिहिलेल्या पहिल्या आत्मकथनांपैकी ते एक होय. आपले भोगणे शब्दांत मांडणे हीसुद्धा सेवाच आहे. ते वाचणाऱ्या कितीतरी मुलींना आपण एकट्या नाही, ही जाणीव त्यातून मिळाली असेल.

धम्म काय सांगतो

संयुत्त निकायातील सल्ल सुत्तात तथागतांनी दोन बाणांचा दृष्टांत दिला आहे. शरीराला होणारी वेदना हा पहिला बाण. त्या वेदनेपायी शोक, संताप आणि छाती पिटणे हा दुसरा बाण. पहिला बाण सर्वांनाच लागतो. दुसऱ्यापासून वाचण्याचा अभ्यास माणूस करू शकतो. आम्ही या दृष्टांताचा थोडा पुढे विस्तार करून म्हणतो की तिसराही एक बाण असतो. तो लोक मारतात. "तुझ्या मागच्या जन्माचे पाप", "तुझे नशीबच फुटके", "पांढऱ्या पायाची" असे बोल म्हणजे तो तिसरा बाण होय. मागील जन्मीच्या कर्मामुळे माणूस गरीब किंवा हीन जन्माला येतो, ही कल्पना बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात नाकारली आहे. तेव्हा निदान आपल्या विहाराच्या परिसरात हा तिसरा बाण कोणी सोडणार नाही, एवढी दक्षता आपण घेतली पाहिजे.

तसेच दुःखाचा गौरवही करू नये. "आम्ही सोसले म्हणून घडलो, आता तुम्हीही सोसा," असे म्हणणे धम्माला धरून नाही. ज्या वाटेवर आपल्याला ठेच लागली तेथला दगड बाजूला काढणे, हे करुणेचे लक्षण आहे.

मदत करताना पाळावयाची पथ्ये

पहिले पथ्य असे की जखम ओली असताना दुसऱ्याचा भार उचलू नये. बुडणारा माणूस बुडणाऱ्याला वाचवू शकत नाही. आधी स्वतः काठावर यावे. त्यासाठी इतरांची मदत घेण्यात कमीपणा नाही. पटाचारेनेही आधी मदत घेतली होती.

दुसरे, आधी ऐकावे. समोरचा माणूस बोलू लागताच "माझे तर याहून वाईट झाले होते" असे म्हणून आपली कहाणी सुरू करणारे पुष्कळ भेटतात. अशाने दुःखी माणूस गप्प होतो. आपला अनुभव त्याला आधार वाटेल एवढ्यापुरताच सांगावा.

तिसरे, दुसऱ्याचे गुपित पाळावे. चहाच्या टपरीवर त्याची चर्चा झाली तर पुन्हा कोणी मन मोकळे करणार नाही.

चौथे, आपली मर्यादा ओळखावी. आजाराला डॉक्टर हवा, मारहाणीला पोलीस आणि वकील हवा. कोणी जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलू लागला तर त्याला एकटे सोडू नये आणि ताबडतोब जाणकारांकडे न्यावे. केंद्र शासनाने 2022 मध्ये सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा विनामूल्य क्रमांक प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असावा.

पाचवे, उपकाराची परतफेड मागू नये. परतफेड व्हायचीच असेल तर ती तिसऱ्या माणसाला व्हावी.

आपण काय करू शकतो

बाबासाहेबांसारखे किंवा रमाबाईंसारखे कार्य आपल्या हातून होणार नाही, असे म्हणून मागे राहण्याचे कारण नाही. प्रश्न तोच विचारायचा: मला काय मिळाले असते तर बरे झाले असते?

शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, महाडीबीटीवरची नोंदणी यांपायी ज्या मुलाचे दोन महिने हेलपाट्यांत गेले, त्याने कोणते कागद, कोणत्या क्रमाने, कोठे मिळतात हे एका पानावर लिहून पुढच्या वर्षीच्या मुलांना द्यावे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी बाबासाहेबांच्या नावाची स्वाधार योजना आहे. तिचा लाभ घेतलेल्याने ती निदान दोघांना समजावून सांगावी. सोलापूरला किंवा पुण्याला शिकायला गेलेल्याने गावाकडून येणाऱ्या नव्या मुलाला पहिल्या दिवशी स्टेशनवर घ्यायला जावे. परक्या शहरातला पहिला दिवस कसा असतो, हे त्याच्याइतके कोणाला कळणार?

पतीच्या निधनानंतर संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी तहसील कचेरीत जी भगिनी एकटी वणवणली, तिने दुसरीबरोबर एक दिवस जावे. ज्यांनी घरच्या रुग्णासाठी सोलापूरच्या सरकारी रुग्णालयात रात्री काढल्या, त्यांनी केसपेपर, महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आणि नातेवाइकांची सोय यांची माहिती इतरांना द्यावी. ऊसतोडीमुळे ज्याचे शिक्षण तुटले त्याने गावातल्या ऊसतोड कुटुंबाचे एक मूल हंगामात मागे ठेवता येईल का ते पाहावे. या कामांना पैसा फारसा लागत नाही; वेळ आणि आठवण लागते.

याचसाठी आम्ही एक सूचना सर्वांपुढे ठेवतो. आषाढी पौर्णिमेपासून वर्षावास सुरू होतो आणि तीन महिने आपण ग्रंथवाचनासाठी नियमित एकत्र येतो. या वर्षावासात विहारात एक जाड वही ठेवावी. प्रत्येक कुटुंबाने आपल्यावर आलेली एक अडचण आणि तिच्यातून बाहेर पडण्याची वाट त्या वहीत लिहावी. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे विद्यार्थ्यांनी लिहून घ्यावे. नाव द्यायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. कोणत्या कचेरीत काय लागते, कोणत्या आजाराची पहिली खूण काय, सावकाराच्या कागदावर सही करण्यापूर्वी काय पाहावे, नापास झालेल्या मुलाने दुसऱ्या दिवशी काय करावे, असे सारे त्यात यावे. शंभर घरांनी एक एक पान लिहिले तरी शंभर पानांचा अनुभव गोळा होईल, आणि तो कोणत्याही दुकानात विकत मिळणार नाही.

त्या वहीचे पहिले पान ज्येष्ठ सभासदांनी लिहावे, अशी आमची त्यांना नम्र विनंती आहे.

जय भीम!